मुख्याध्यापकाची खुर्ची हे सिंहासन नव्हे

(पालकांच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विहारात जमलेल्या लोकांसमोर शाळेच्या कारभाराविषयी बोलावे, हे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झाले. आता धम्मावर काही ऐकावयास मिळेल अशी आपली अपेक्षा असणार. मी धम्मावरच बोलणार आहे. परंतु आपल्या मुलामुलींना तो धम्म ज्या ठिकाणी रोज कसोटीस लावावा लागतो, त्या ठिकाणाविषयी बोलणार आहे.

आपण नव्याने दीक्षा घेतलेली कुटुंबे आहात. घरातील जुने देव्हारे आपण उतरविले, नवस-सायास सोडले, सर्व मनुष्यमात्र समान आहेत अशी प्रतिज्ञा केली. ही प्रतिज्ञा घेऊन आपले मूल उंबरठ्याबाहेर पडते ते प्रथम शाळेत जाते. तेथे त्याला कोठे बसवावयाचे, त्याचे नाव आणि धर्म कोणत्या शब्दांत लिहावयाचा, त्याला पाणी कोठले द्यावयाचे, त्याच्या शिष्यवृत्तीचा अर्ज केव्हा पाठवावयाचा, हे ठरवावयास संविधान स्वतः येत नाही. ते मुख्याध्यापक ठरवितो. पुढे महाविद्यालयात प्राचार्य ठरवितो, वसतिगृहात अधीक्षक ठरवितो, आणि या सर्वांच्या वर बसलेले संस्थाचालक ठरवितात. म्हणून या माणसांचे आचरण कसे असावे, आणि आपण त्यांच्याशी कसे वागावे, हा आपल्या घरचा प्रश्न आहे.

नळ, शिपाई आणि मुख्याध्यापक

प. पू. बाबासाहेबांच्या बालपणाची एक हकीकत आपणां सर्वांना ठाऊक आहे. सातारच्या शाळेत असताना ते घरून नेलेल्या गोणपाटावर वर्गात वेगळे बसत. तहान लागली म्हणजे इतर मुले नळाजवळ जाऊन पाणी पीत. बाबासाहेबांना नळास हात लावण्याची मुभा नव्हती. शाळेच्या शिपायाने तोटी सोडावी तेव्हा त्यांनी पाणी प्यावे. शिपाई हजर नसला की पाणी नाही.

ही हकीकत ऐकून आपले डोळे भरून येतात. परंतु आज मी आपणांस तिच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहावयास सांगतो. ही व्यवस्था कोणी केली होती? कायद्याच्या कोणत्या पुस्तकात ती लिहिली होती? ती कोठेही लिहिलेली नव्हती. गावात रूढी होती हे खरे. परंतु रूढीला शाळेच्या आवारात आत घेऊन तिला नियमाचे रूप दिले ते शाळा चालविणाऱ्यांनी. मुलाला नळास हात लावू द्यावयाचा नाही असे ठरविले, आणि मग नळ उघडण्यासाठी शिपायाची योजना केली. त्या शाळेच्या प्रमुखाने एके सकाळी सांगितले असते की, ‘तहान लागेल त्याने नळ उघडावा आणि पाणी प्यावे’, तर त्यासाठी ना पैसा लागता, ना नवा कायदा लागता. एक वाक्य लागले असते. ते वाक्य कोणी उच्चारले नाही.

१९१८ साली बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी स्पर्श करण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. परदेशची पदवी घेऊन आलेल्या माणसाचीही गाठ शेवटी पाण्याच्या भांड्याशीच पडली. आणि १९३५ साली तेच बाबासाहेब मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. ज्याला शाळेचा नळ उघडता येत नव्हता तो महाविद्यालयाच्या प्रमुखाच्या खुर्चीवर बसला. या घटनेचा अभिमान आपण बाळगतो. पण तिच्यातून एक जबाबदारीही आपल्याकडे येते, तिच्याविषयी मी पुढे बोलेन.

या कथेत आणखी एक माणूस आहे. कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजी. बागेत वाचीत बसलेला एक विद्यार्थी त्यांच्या नजरेस पडला. तो आपल्या वर्गातला नाही, आपल्या जातीचा नाही, असा विचार त्यांनी केला नाही. त्यांनी त्याला पुस्तके दिली, मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, आणि पुढे सयाजीराव महाराजांकडे त्याच्या शिष्यवृत्तीसाठी शब्द टाकला. एकाने तहानलेल्या मुलाला नळापासून दूर ठेवले, दुसऱ्याने न मागता पुस्तक हातात दिले. दोघेही शिक्षणाच्याच क्षेत्रातले होते. आपल्या मुलाच्या वाट्याला यांपैकी कोण येणार, हे केवळ नशिबावर सोडून चालणार नाही.

‘एका मुलासाठी सारी शाळा मोडू काय?’

शाळेचे प्रमुख आणि सरकारी अधिकारी अन्याय करतात तेव्हा ते स्वतःला अन्यायी म्हणवीत नाहीत. ते अडचण सांगतात. ही अडचण फार जुनी आहे.

१८५६ सालच्या जून महिन्यात धारवाड येथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेशासाठी अर्ज केला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. अर्ज नाकारला गेला आणि प्रकरण मुंबई सरकारपुढे आले. सरकारचे उत्तर वाचण्यासारखे आहे. अर्जदाराची बाजू तत्त्वतः न्यायाची आहे, हे सरकारने मान्य केले. परंतु एका-दोघांसाठी शतकानुशतकांच्या समजुतींत एकदम हात घातला तर शिक्षणकार्याचेच मोठे नुकसान होईल, अशी भीती पुढे केली. म्हणजे न्याय तुझा, पण शाळा त्यांची! १८५८ साली कंपनीच्या संचालक मंडळाने सरकारी शिक्षणसंस्था सर्व वर्गांसाठी आहेत हे तत्त्व स्पष्ट सांगितले. तरी त्यानंतर चाळीस वर्षे उलटल्यावर बाबासाहेब साताऱ्यास गोणपाटावर बसत होतेच. वरून तत्त्व आले, खाली शाळेत पोहोचेपर्यंत ते वाटेत कोठे तरी थांबले. ते जेथे थांबते ती जागा म्हणजे शाळाप्रमुखाचे टेबल.

आपण म्हणाल, ही इंग्रजी अमदानीतील गोष्ट झाली. आता संविधान आहे. तर मग अलीकडची गोष्ट ऐका. शाळेत मुलांना शिजविलेले अन्न द्यावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला, आणि स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातींच्या उमेदवारांना प्राधान्य द्यावे असे २००४ साली सांगितले. हेतू उघड होता. मुले एका पंगतीत बसून एका हातचे जेवली म्हणजे जुनी समजूत आपोआप सैल होईल. २०२१ सालच्या डिसेंबरात उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात एका शाळेत दलित स्त्री स्वयंपाकास नेमली गेली, तेव्हा सवर्ण मुलांनी तिच्या हातचे जेवण नाकारले. त्यावर अधिकाऱ्यांनी काय केले? नेमणुकीच्या पद्धतीत दोष असल्याचे कारण दाखवून तिलाच कामावरून दूर केले. देशभर ओरड झाली, तेव्हा तिला पुन्हा कामावर घेण्यात आले.

धारवाड आणि चंपावत यांच्यामध्ये १६५ वर्षे आहेत. पण कारभार पाहणाऱ्याच्या मनाचा हिशेब तोच आहे. एका बाजूस एक माणूस, दुसऱ्या बाजूस पुष्कळ माणसे. पुष्कळांना नाराज करण्यापेक्षा एकाला दूर करणे सोपे. जो असा हिशेब करतो तो शांतता राखल्याचे समाधान मानतो. वस्तुतः त्याने शाळेतील प्रत्येक मुलाला एक धडा शिकविलेला असतो: आरडाओरड करणाऱ्यांची संख्या मोठी असली की नियम वाकतो. हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मुलांच्या अधिक ध्यानात राहतो.

शाहू महाराजांचा हुकूम

याच्या उलट वागणे शक्य आहे, हे आपल्याच महाराष्ट्रात दिसून आले आहे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१९ साली आपल्या नोकरांसाठी हुकूम काढले की, अस्पृश्य मानलेल्या लोकांस इतरांप्रमाणेच ममतेने आणि बरोबरीने वागविले पाहिजे. असे आदेश पुष्कळांनी काढले आहेत. महाराजांच्या हुकमात एक गोष्ट अधिक होती. ज्यास असे वागणे पटत नसेल त्याने सहा आठवड्यांच्या आत राजीनामा द्यावा, आणि अशा माणसास पेन्शन मिळणार नाही! त्याच वर्षी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना इतरांबरोबर एकाच शाळेत घेण्याचाही हुकूम झाला.

यातील मर्म लक्षात घ्या. धारवाडच्या प्रकरणात अडचणीचा भार अर्जदार मुलावर टाकला गेला. त्याने थांबावे, लोकांचे मन बदलेपर्यंत वाट पाहावी. शाहू महाराजांनी तोच भार नोकरावर टाकला. ज्याला समता सोसत नाही त्याने जागा सोडावी, मुलाने नव्हे. नेतृत्व म्हणतात ते हेच. चांगल्या प्रमुखाची पारख त्याच्या व्याख्यानावरून होत नाही. त्याच्या संस्थेत गैरसोय कोणाच्या वाट्यास येते, यावरून होते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्यास वसतिगृह चालविले, तेव्हा सर्व जातींची मुले एका छपराखाली राहतील, एकत्र स्वयंपाक करतील आणि एकत्र जेवतील, अशी व्यवस्था केली. ज्या साताऱ्यात एका मुलासाठी वेगळे गोणपाट होते, त्याच साताऱ्यात हे घडले. गाव तेच, रूढी तीच. फरक कारभार करणाऱ्या माणसाचा होता.

संघाचा कारभार

आता आपल्या धम्माकडे वळू. भगवान बुद्धांनी केवळ उपदेश केला असे नाही. त्यांनी एक मोठी संस्था चालविली. भिक्षुसंघ म्हणजे हजारो माणसांचे राहणे, शिकणे, जेवणे, आजारपण आणि भांडणतंटे. तिचा कारभार त्यांनी कसा केला, हे विनयपिटकात लिहून ठेवले आहे, आणि शाळा-महाविद्यालय चालविणाऱ्याने ते अवश्य पाहावे.

शाक्य कुळातील राजपुत्र संघात प्रवेश घेण्यास आले, तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली नावाचा न्हावी होता. राजपुत्रांनीच विनंती केली की, उपालीला आधी दीक्षा द्यावी, म्हणजे आम्ही त्याला वंदन करू आणि आमचा कुळाचा अभिमान उतरेल. भगवंतांनी तसे केले. संघात ज्येष्ठता दीक्षेच्या क्रमाने मोजली जात असे. म्हणून कालपर्यंत ज्यांची हजामत त्याने केली त्या राजपुत्रांना आता त्याच्यापुढे हात जोडावे लागले. पाहा, यात जातिभेदाविरुद्ध भाषण नाही. केवळ प्रवेशाचा क्रम ठरविला आणि काम झाले. हाच उपाली पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचा, म्हणजे संघाच्या नियमांचा, अधिकारी प्रवक्ता ठरला.

दुसरा प्रसंग. भगवंत आनंदासह भिक्षूंच्या निवासांची पाहणी करीत फिरत असता एक भिक्षू अतिसाराने आजारी, स्वतःच्याच मळात पडलेला आढळला. त्याची शुश्रूषा करणारे कोणी नव्हते. भगवंतांनी पाणी आणविले, आनंदाच्या मदतीने त्याला स्वतः धुतले, अंथरुणावर निजविले. मग संघाला बोलावून विचारपूस केली, आणि आजाऱ्याची काळजी कोणी घ्यावी याचा नियम घालून दिला. उपाध्यायाने शिष्याची, शिष्याने उपाध्यायाची, आणि कोणीच नसेल तर संघाने. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी या प्रसंगातील क्रम ध्यानात ठेवावा. प्रथम खोल्यांतून फिरणे. मग जे दिसेल ते स्वतःच्या हाताने सावरणे. आणि त्यानंतर नियम करणे. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी नियमांचा फलक भिंतीवर असतो आणि अधीक्षकांनी मुलांच्या खोल्या महिनोन् महिने पाहिलेल्या नसतात.

तिसरी गोष्ट ‘मिलिंदप्रश्ना’तील आहे. राजा मिलिंद भदंत नागसेनांशी वाद करू इच्छितो. नागसेन त्याला विचारतात, तू पंडिताप्रमाणे वाद करणार की राजाप्रमाणे? पंडित वादात हरला तरी रागावत नाही, चूक दाखविली तर मान्य करतो. राजाचे म्हणणे कोणी खोडले तर तो शिक्षा फर्मावितो. मिलिंदाने पंडिताचा मार्ग पत्करला, म्हणूनच तो संवाद झाला. शाळेच्या कचेरीत पाऊल टाकताना आपल्या लक्षात येते की समोर पंडित बसला आहे की राजा. पालकाने प्रश्न विचारताच ज्याच्या कपाळावर आठी पडते, शिक्षकाने निराळे मत मांडताच जो त्याची बदली करण्याच्या गोष्टी बोलतो, त्याने पदवी कितीही मोठी मिळविली असली तरी तो राजाप्रमाणेच वागत असतो.

सिद्धार्थ आणि मिलिंद

८ जुलै १९४५ रोजी बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. २० जून १९४६ रोजी मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. या महाविद्यालयाचे वर्ग सकाळी भरत, ही साधी वाटणारी गोष्ट आहे. परंतु ती कोणाचा विचार करून ठरविली होती? दिवसभर नोकरी करून घर चालविणाऱ्या विद्यार्थ्याचा. त्याने पहाटे उठावे, वर्गात बसावे आणि तेथून कामावर जावे. वेळापत्रक हे कारभाऱ्याच्या मनाचे चित्र असते. ज्याच्या डोळ्यांसमोर गरीब विद्यार्थी आहे त्याचे वेळापत्रक एक असते. ज्याच्या डोळ्यांसमोर केवळ स्वतःची सोय आहे त्याचे दुसरे. त्याच महाविद्यालयात विद्यार्थ्यांची पार्लमेंट चाले. उद्याच्या नागरिकाने प्रश्न विचारावयास महाविद्यालयातच शिकावे, हा त्यामागील हेतू.

१९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता आणि उच्च शिक्षणाच्या सोयी तेथे फारच थोड्या होत्या. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. या महाविद्यालयास ‘मिलिंद’ आणि परिसरास ‘नागसेनवन’ हे नाव मिळाले. पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस हे जन्माने अस्पृश्य समाजातील नव्हते. बाबासाहेबांनी कार्यावरील निष्ठा आणि योग्यता पाहिली. प्रवेशाचे दारही त्यांनी सर्व जातींना मोकळे ठेवले. ज्यांच्यासाठी शतकानुशतके दारे बंद होती त्यांनी स्वतःची शाळा काढली तेव्हा कोणासाठीही दार बंद केले नाही. आपल्या समाजातील प्रत्येक संस्थाचालकाने हे वाक्य आपल्या कचेरीत लावून ठेवावे.

आपल्या माणसाच्या हाती खुर्ची आली म्हणजे

आता मी वर म्हटलेल्या जबाबदारीकडे येतो. आज आपल्या समाजातील अनेक जण मुख्याध्यापक आहेत, प्राचार्य आहेत, संस्थांचे अध्यक्ष व चिटणीस आहेत. हे आपल्या लढ्याचे फळ आहे आणि त्याचा आनंद आहे. परंतु खुर्ची बदलली म्हणजे आचरण आपोआप बदलते असे नाही.

संस्था बाबासाहेबांच्या नावाने काढावयाची आणि शिक्षकाची जागा पैसे घेऊन भरावयाची. दर्शनी भागात बुद्धमूर्ती बसवावयाची आणि गरीब पालकाकडून पावतीविना देणगी घ्यावयाची. शिष्यवृत्ती हा विद्यार्थ्याचा हक्क असताना ती आपण केलेले उपकार म्हणून वाटावयाची. कार्यकारी मंडळात मुलगा, सून आणि मेव्हणा बसवून त्याला ‘समाजाची संस्था’ म्हणावयाचे. असे वर्तन कोठे होत असेल तर ते पंचशीलातील दुसऱ्या शीलाचा भंग आहे. जे आपणांस दिलेले नाही ते घेऊ नये, असे आपण दर पौर्णिमेस म्हणतो. विद्यार्थ्याच्या हक्काचा रुपया अडविणे हे न दिलेले घेणेच होय. कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी घेतली जाणारी वरकड रक्कम, हिला महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. तो कायदा आपल्या माणसालाही लागू आहे.

‘तो आपला माणूस आहे, त्याच्याविरुद्ध बोलू नका’, असा सल्ला काही जण देतात. मी उलट सांगतो. आपला आहे म्हणूनच त्याला प्रथम विचारा. परक्याने अन्याय केला तर एका मुलाचे नुकसान होते. आपल्याने केला तर समाजाचा विश्वास जातो, आणि विश्वास परत मिळविण्यास पिढी जाते. त्याचबरोबर कारभारात दुसऱ्या कोणत्या जातीच्या, पोटजातीच्या वा धर्माच्या मुलाला आपल्या संस्थेत कमी लेखले जात असेल, तर तेही थांबवा. ज्याने गोणपाटाचा अनुभव घेतला त्याने दुसऱ्यासाठी गोणपाट अंथरू नये.

आपण काय करावे

केवळ तक्रार करून भागणार नाही. आपल्या हाती काय आहे ते नीट समजून घ्या.

पहिली गोष्ट शाळेच्या जनरल रजिस्टरातील नोंद. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध झालेल्यांच्या सवलतींचा प्रश्न उभा राहिला. महाराष्ट्र राज्याने १९६० साली त्या पुढे चालू ठेवल्या. केंद्राच्या बाबतीत अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडावे लागले. एका शब्दासाठी तेहतीस-चौतीस वर्षे झगडावे लागले, याचा विसर पडू देऊ नका. प्रवेशाच्या दिवशी नोंद काय केली ती स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्यास बरोबर न्या. दाखला पुढे आयुष्यभर त्याच नोंदीवरून निघतो.

दुसरी गोष्ट शिक्षणहक्काचा कायदा. तो २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. सरकारी वा अनुदानित शाळेत जाण्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला मागितला तर तो ताबडतोब दिला पाहिजे. विलंब करणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. मुलाला मारणे अथवा मानसिक छळ करणे यास या कायद्याने मनाई आहे.

तिसरी गोष्ट शाळा व्यवस्थापन समिती. याच कायद्याप्रमाणे सरकारी व अनुदानित शाळांच्या या समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत, एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, आणि वंचित व दुर्बल घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत. शाळेला मिळणाऱ्या पैशाचा विनियोग पाहण्याचा अधिकार तिला आहे. भगिनींनो, ही जागा आपली आहे. केवळ सहीसाठी वही घरी आली तर सही करू नका; सभा केव्हा आहे ते विचारा आणि सभेस जा. ज्या देशात एकेकाळी आपल्या मुलाने वर्गाबाहेर बसावे असा रिवाज होता, तेथे आज आपल्या आईने शाळेच्या सभेत बसून हिशेब विचारावा, असा कायदा आहे. तो कायदा वापरला नाही तर कागदावर राहील.

चौथी गोष्ट महाविद्यालयाची. मुलगा वा मुलगी मोठ्या शहरात गेली म्हणजे आपण निर्धास्त होतो. तसे होऊ नका. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाची चौकशी करणाऱ्या थोरात समितीने २००७ साली वसतिगृहातील आणि परीक्षेतील दुजाभावाच्या तक्रारी नोंदविल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली नियम केले आणि प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष व भेदभावविरोधी अधिकारी असावा असे सांगितले. तरी २०१६ च्या जानेवारीत हैदराबादेत रोहित वेमुला आणि २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत डॉ. पायल तडवी या विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. त्या दोघांच्या माता त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांची मागणी काय होती? भेदभाव रोखणारे जे नियम आहेत ते संस्थांनी खरोखर अमलात आणावेत, एवढीच. दोन मातांना एवढ्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. आपल्या मुलांना आठवड्यातून एकदा तरी विचारा की, तेथे तुझ्याशी लोक कसे वागतात. केवळ गुण किती मिळाले एवढेच विचारू नका. आणि त्यांनी काही सांगितले तर ‘सोसून घे’ असे प्रथम म्हणू नका.

शेवटची गोष्ट आपल्या स्वतःच्या वर्तनाची. मुख्याध्यापकांकडे जाल तेव्हा सम्यक् वाचा पाळा. आवाज चढवू नका, पण म्हणणे लेखी द्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी विनंती विसरली जाते. शिक्का मारलेली पोच विसरता येत नाही. आणि जो मुख्याध्यापक आपल्या मुलाला पोटच्या मुलाप्रमाणे वागवितो, ज्याने एखाद्या मुलीची फी भरण्यास मुदत दिली, अर्ज भरावयास स्वतः बसला, तिची शाळा सुटू नये म्हणून घरी आला, त्याच्याकडेही जा आणि त्याचे आभार लेखी माना. तो कोणत्या जातीचा आहे हे पाहू नका. चांगल्या माणसाला एकटे पडू देणे हाही अन्यायच आहे; पुष्कळांच्या दबावापुढे तो टिकावयाचा असेल तर त्याच्या पाठीशी पालक उभे असले पाहिजेत. धारवाडच्या त्या मुलाच्या पाठीशी कोणी उभे नव्हते. आपल्या मुलांच्या पाठीशी आपण आहोत.

येत्या जूनमध्ये शाळा सुरू होतील. त्यापूर्वी या वस्तीतील प्रत्येक शाळेच्या समितीत आपल्यापैकी कोण आहे याची यादी करा. कोणी नसेल तर नावे ठरवा, आणि त्यांत निम्मी नावे स्त्रियांची असू द्या. पुढल्या पौर्णिमेस वंदना झाल्यावर ती यादी याच ठिकाणी वाचून दाखवा.

भवतु सब्बमंगलं. जयभीम.